तिसरं वळण

यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या वळणापर्यंत
मी पळते.
पुढे चालते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

पहाटे साडेपाचला बोगद्याजवळ माणसं असतात :
दूधवाला, भरतीची तयारी करणारी पोरं,
आणि बोपर्डीकर, जे कानटोपीतूनही
अख्ख्या गावाची नोंद ठेवतात.
तिथे माझी पावलं हलकी पडतात,
कोपर काटकोनात,
तोंड मिटलेलं, श्वास नाकातून,
जणू पाळण्यातून उतरले ती पळतच.
पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्यावर झाडी गावाला आड करते
आणि माझे गुडघे
एकदम बावन्न वर्षांचे होतात.

पतपेढीत सत्तावीस वर्षं हेच.
गिऱ्हाईक काचेला नाक लावून उभं राहिलं
की नोटा बोटांतून सरसर सुटायच्या;
एकटीनं मोजताना तेच बंडल जड.
पण लेखापरीक्षक मागे येऊन नुसते खाकरले
की व्याजाचा साधा गुणाकार हातून निसटायचा.
ते पाठमोरे झाले
की सात आठे छप्पन पुन्हा पाठ.

घरी तर काय,
ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच खाते.
बेल वाजली की ताट निघतं,
ताटाबरोबर लिंबाची फोड,
आणि तो आवाज, जरा वरच्या पट्टीतला,
एरवी कुठल्या डब्यात असतो कोण जाणे.

शर्यतीच्या रविवारी मात्र
घाटभर माणसं.
शाळेची पोरं, ताशा, पाण्याचे पेले,
कुणाचीतरी आजारी सासूसुद्धा खुर्चीत आणून बसवलेली.
एक अनोळखी बाई
माझ्या छातीवरचा नंबर वाचून ओरडली,
"अठराशे बारा, थांबायचं नाही!"
आणि मी थांबले नाही.
तिसरं वळण कधी मागे पडलं कळलंच नाही.
वर पोचून मी ओकले,
मग हसले,
मग फोटोसाठी पुन्हा हसले.

मंगळवारी परत तिसरं वळण.
कुणी नाही. चालायला लागले.
तेवढ्यात कठड्यापलीकडे लाल पदर हलला,
गवत कापणारी कुणी बाई,
आणि माझे पाय, मला न विचारता,
पळू लागले,
ती दिसेनाशी होईपर्यंत.
लाज वाटली.
दुसऱ्या दिवशी तेच केलं.

असे वीसेक दिवस गेले.
मग एकदा नेमकी तिच्यासमोर
बुटाची नाडी सुटली. खाली बसावं लागलं.
म्हटलं, "खरं सांगू?
मी फक्त तुमच्यासमोर पळते."
चांगुणा जांभळे तिचं नाव.
तिनं विळा गवताला पुसला.
"आवं, मग माझं काय येगळं हाय व्हय?
तुमची पावलं वाजली की इळा चालतो.
न्हायतर मी बी हितंच की,
दगडावर बसून तंबाखू मळत."

बराच वेळ हसलो दोघी.
त्या दिवशी ना माझं पळणं झालं
ना तिचा भारा.

आता कास फुललंय, गाड्या वाढल्यात.
ती पलीकडच्या उतारावर गेली असेल.
आठवडा झाला, दिसत नाही.
कठड्यावर तिची चुंबळ तेवढी राहिलीय,
फाटक्या लुगड्याची, मधे डोक्याएवढा खळगा.
आज तिच्यासमोरून पळत गेले.
चौथं वळण. पाचवं.
चुंबळीला डोळे नसतात, मला कळतं.

उतरताना पाहिलं,
कठडा रिकामा.
इकडे तिकडे कुणी नाही,
गवत मात्र एका जागी हलत होतं, वारा नसताना.

मी कोपर काटकोनात आणले.